पोट आणि मन: आहारातून मनःस्वास्थ्याला आधार देण्याची सुरुवात कशी करावी

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना काही महिन्यांपासून चिंता, चिडचिड, उदासपणा किंवा न संपणारा थकवा जाणवतो आहे, ज्यांचे पोटही बहुधा ठिकाणावर नाही, आणि या दोहोंचा परस्परांशी संबंध असतो असे ज्यांच्या कानावर आले आहे. हा संबंध खरा आहे. मात्र त्याच्या नावाने बाजारात जे विकले जाते, म्हणजे ‘मूड’ सुधारणाऱ्या कॅप्सूल, आतडे ‘स्वच्छ’ करणारी चूर्णे, एकवीस दिवसांची डिटॉक्स पाकिटे, त्यातील बराचसा भाग संशोधनाच्या पुष्कळ पुढे धावलेला आहे. ज्या गोष्टींना भक्कम आधार आहे त्या स्वस्त आहेत, स्वयंपाकघरातल्या आहेत आणि संथपणे काम करणाऱ्या आहेत. त्या कोणत्या क्रमाने हाती घ्याव्यात हे येथे सांगितले आहे, कारण क्रम चुकला की चांगल्या आहारानेही पोट बिघडते आणि माणूस पहिल्याच आठवड्यात प्रयत्न सोडून देतो.

आधी एक स्पष्ट सूचना. आहार हा मानसिक आजारावरील उपचारांचा पर्याय नाही. तो उपचारांच्या जोडीने चालणारा आधार आहे. डॉक्टरांनी सुरू केलेले नैराश्याचे किंवा चिंतेचे औषध ‘आता खाणे सुधारले आहे’ म्हणून स्वतःहून कमी किंवा बंद करू नये. जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

पोटाचा मनाशी संबंध कसा येतो

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या संपूर्ण पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींचे एक स्वतंत्र जाळे आहे. त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात आणि मेंदूकडून आदेश आला नाही तरी अन्न पुढे ढकलणे, रस पाझरणे ही कामे ते जाळे स्वतः चालवू शकते. मेंदू आणि आतडे यांना जोडणारी मुख्य वाहिनी म्हणजे व्हेगस ही चेता. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात, उलट दिशेने जाणारे तंतू थोडेच असतात. पोटात काय चालले आहे याची खबर मेंदूला अखंड मिळत असते, ती आपल्या जाणिवेत येवो अथवा न येवो.

भावनांचा पचनावर होणारा परिणाम तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला गेला आहे. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात गोळी लागली आणि जखम भरताना जठराला बाहेर उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचनाचे निरीक्षण केले, आणि रुग्ण संतापलेला किंवा अस्वस्थ असला की जठराचे काम बदलते अशी नोंद करून ठेवली.

उलट दिशेचा पुरावा अलीकडचा आहे. जपानमधील क्यूशू विद्यापीठात २००४ साली असे दिसले की जन्मापासून पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ताणाला मिळणारा संप्रेरकांचा प्रतिसाद अवाजवी तीव्र असतो, आणि बिफिडोबॅक्टेरियम गटातील एक जिवाणू त्यांच्या आतड्यात वेळेवर पोहोचवला की तो प्रतिसाद नेहमीसारखा होतो. माणसांविषयी ऑस्ट्रेलियातील एका दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. बारा वर्षांच्या त्या पाठपुराव्यात सुरुवातीला चिंताग्रस्त असलेल्यांना पुढे पोटाचे विकार जडण्याची शक्यता अधिक आढळली, आणि सुरुवातीला पोटाचे विकार असलेल्यांमध्ये पुढे चिंता व नैराश्य अधिक आढळले. म्हणजे रस्ता दुतर्फा आहे. ‘सगळे तुमच्या मनात आहे’ असे सांगून पोटदुखीच्या रुग्णाची बोळवण करणे जितके चूक, तितकेच ‘पोट साफ झाले की मन आपोआप शांत होईल’ असे आश्वासन देणेही चूक.

एका गैरसमजाचा येथेच निकाल लावावा. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते हे खरे आहे, आणि त्यावरून ‘आनंद पोटात तयार होतो’ अशी वाक्ये फिरत असतात. आतड्यातले सेरोटोनिन मात्र रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही; मेंदूभोवतीचा अडसर त्याला अडवतो. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतःच बनवतो आणि त्यासाठी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल त्याला अन्नातील प्रथिनांतून मिळावे लागते. आतड्यातल्या सेरोटोनिनचे मुख्य काम आतड्याची हालचाल आणि व्हेगस चेतेला संदेश देणे हे आहे.

मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे काम अधिक रोचक आहे. आपल्याला न पचलेला चोथा, म्हणजे अन्नातील तंतुमय भाग, त्यांच्यापर्यंत पोहोचतो, ते तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची स्निग्धाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. ते पुरेसे मिळाले तर अस्तर घट्ट राहते आणि शरीरात रेंगाळणारा सौम्य दाह आटोक्यात राहण्यास मदत होते. असा दाह नैराश्य असलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये वाढलेला आढळतो. चोथ्याचा विषय आपण पुढे विस्ताराने पाहणार आहोत, तो या कारणासाठी.

आहार बदलल्याने नैराश्यात फरक पडतो का, याची थेट चाचणी ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी अर्ध्यांना आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन आणि अर्ध्यांना केवळ गप्पांची सोबत देण्यात आली. बारा आठवड्यांनंतर आहार बदललेल्या गटात सुमारे ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्के. चाचणी लहान होती, आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना कळत होते, आणि त्यांपैकी बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन चालूच होते. हे सर्व लक्षात घेऊनही फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यांच्या ताटात अख्खी धान्ये, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल होते. आपण त्यातील तत्त्व घ्यायचे. ऑलिव्ह तेलाच्या महागड्या बाटलीपासून सुरुवात करण्याची गरज नाही.

पहिली पायरी: दोन आठवडे काहीही न बदलता नोंद

साध्या वहीत रोज पाच-सात ओळी लिहाव्यात. कोणत्या वेळी काय खाल्ले, चहा-कॉफीचे कप किती झाले, शौच केव्हा आणि कशी झाली, झोप किती व कशी लागली, आणि दिवसभराची मनःस्थिती एक ते दहापैकी किती, एवढे पुरेसे आहे. स्त्रियांनी पाळीचा दिवसही लिहावा, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात पोट आणि मन दोन्ही बदलतात आणि दोष विनाकारण एखाद्या पदार्थावर जातो.

शौचाचे वर्णन करण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण डॉक्टरांना हीच माहिती सर्वांत उपयोगी पडते. त्यासाठी जगभर ब्रिस्टल तक्ता वापरला जातो, ज्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, तिसरा आणि चौथा म्हणजे सहज होणारी बांधीव शौच, सातवा म्हणजे पूर्ण पाण्यासारखी. वहीत फक्त आकडा लिहिला तरी चालतो.

कॅलरी मोजू नयेत आणि वजनही रोज करू नये. ज्यांना पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे, म्हणजे उपाशी राहणे, खाऊन उलटी काढणे, खाण्याची अपराधी भीती असे काही झाले आहे, त्यांनी अन्नाची ही नोंद तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये. त्यांच्या बाबतीत नोंदच आजाराला खतपाणी घालू शकते.

दुसरी पायरी: रक्ताची तपासणी

प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवाणू असलेल्या कॅप्सूलच्या, एका महिन्याच्या पाकिटाला जेवढे पैसे पडतात, ते आधी रक्ततपासणीवर खर्च करावेत असे माझे ठाम मत आहे. उदासपणा, थकवा, विसरभोळेपणा आणि छातीतील धडधड यांच्या मागे अनेकदा साध्या, मोजता येणाऱ्या आणि भरून काढता येणाऱ्या कमतरता असतात. हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, जीवनसत्त्व बी१२, जीवनसत्त्व डी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि रक्तातील साखर या तपासण्यांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

यातील बी१२ विषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न खास आपला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्या मातांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नैसर्गिकरीत्या मिळत नाही. ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे व मांस यांतून येते. चहात घातलेल्या दुधावर दिवस काढणाऱ्या शाकाहारी माणसाला ते पुरेसे मिळण्याची शक्यता कमी असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी घेणारे यांच्यात त्याचे शोषण घटते, आणि वयाबरोबरही ते घटते. कमतरता वाढली की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते, मन उदास आणि चिडके होते. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्तक्षय झाकला जातो आणि चेतातंतूंचे नुकसान मात्र चालू राहते, म्हणून बी१२ तपासल्याशिवाय त्या गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत. निदान झालेली कमतरता नुसत्या ताकाने भरून निघत नाही, तिला गोळ्या किंवा इंजेक्शन लागते.

लोहाची कमतरता असेल तर औषधाबरोबर एक सवय बदलावी. जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोहाचे शोषण कमी होते. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा आणि उसळीवर लिंबू पिळावे.

तिसरी पायरी: वेळ आधी, पदार्थ नंतर

नवखे लोक सर्वप्रथम पदार्थ बदलतात. मी वेळांपासून सुरुवात करण्यास सांगेन. दोन जेवणांच्या मधल्या काळात, पोट रिकामे असताना, आतड्यात दीड-दोन तासांच्या अंतराने एक झाडणारी लाट वाहते आणि उरलेसुरले अन्न व जिवाणू पुढे लोटले जातात. खाल्ले की ती लाट थांबते. त्यामुळे दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने बिस्किट, फरसाण, चहा असे काही ना काही तोंडात टाकत राहणाऱ्याचे आतडे ही झाडलोट पुरी करू शकत नाही आणि पोट जड राहते. तीन वेळचे जेवण आणि गरज असल्यास एक मधला खाऊ, एवढी चौकट बहुतेकांना मानवते. अर्थात मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सकाळी काही खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. या नैसर्गिक हालचालीचा फायदा घेण्यासाठी न्याहारीनंतर दहा मिनिटे घाई नसलेली मिळाली पाहिजेत. पहाटे डबा भरून लोकल पकडणाऱ्यांना हे कठीण आहे याची मला कल्पना आहे. तरीही उठण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणणे हा बद्धकोष्ठावरील कुठल्याही चूर्णापेक्षा टिकाऊ उपाय आहे.

रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपलेले असावे. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यासाठी सुमारे पाच तास लागतात, म्हणून चिंता किंवा निद्रानाश असलेल्यांनी दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी टाळावी. चहा एकदम तोडू नये, कारण डोकेदुखी आणि चिडचिड होते. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा.

चौथी पायरी: चोथा वाढवणे, पण सावकाश

आता खरा विषय. भारतीय अन्नकोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या, पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे ३ ग्रॅम तंतुमय भाग असतो, ज्वारीत सुमारे १०, बाजरी आणि नाचणीत सुमारे ११, तर अख्ख्या मुगात सुमारे १७ ग्रॅम. दोन्ही वेळा पांढरा भात आणि पातळ वरण, सोबत बटाट्याची भाजी, असे ताट असणाऱ्या घरात आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत फारच थोडे पोहोचते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. आपल्याकडील सामान्य डब्यातील भाजीची वाटी पाहिली तर हे अंतर किती मोठे आहे हे लक्षात येईल.

तरीही एकाच आठवड्यात सगळे बदलू नये. जिवाणूंना नवे अन्न मिळाले की सुरुवातीला गॅस होतो, पोट फुगते, आणि आधीच चिंताग्रस्त असलेला माणूस या फुगण्यानेच घाबरतो. पुढील चढण बहुतेकांना झेपते. पहिल्या आठवड्यात एका वेळचा भात किंवा मैद्याचा पदार्थ बदलून ज्वारी-बाजरीची भाकरी घ्यावी, पीठ ताजे व न चाळलेले असावे. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही जेवणांत एक वाटी भाजी वाढवावी, ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी कच्च्या कोशिंबिरीऐवजी दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, माठ, तांदुळजा अशा शिजवलेल्या भाज्यांपासून सुरुवात करावी. तिसऱ्या आठवड्यात रोज अर्धी वाटी उसळ, आधी मूग आणि मटकी, त्या पचू लागल्या की चवळी, आणि हरभरा, वाल, राजमा अगदी शेवटी. चौथ्या आठवड्यात रोज एक फळ आणि चमचा-दोन चमचे जवसाची किंवा कारळाची चटणी.

कडधान्यांचा गॅस कमी करण्याचे घरगुती मार्ग शास्त्रालाही मान्य आहेत. रात्रभर भिजवावे, भिजवलेले पाणी फेकून द्यावे, मोड आणावेत आणि मऊ शिजवावे. भिजवताना गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरतो आणि मोड येताना आणखी काही भाग खर्च होतो. मोड आलेले कडधान्य कच्चे खाण्याची फॅशन नाजूक पोटाला त्रासदायक ठरते आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोकाही असतो, त्यामुळे ते निदान वाफवून घ्यावे. चोथा वाढला की पाणीही वाढले पाहिजे, नाहीतर बद्धकोष्ठ वाढतो.

प्रमाणाइतकेच वैविध्यही महत्त्वाचे आहे. अमेरिकेत हजारो लोकांच्या शौचाचे नमुने तपासणाऱ्या एका लोकसहभागी प्रकल्पाने २०१८ साली असे मांडले की आठवड्याला तीसहून अधिक प्रकारचे वनस्पतिजन्य पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य दहाहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा अधिक असते. तीस हा आकडा ऐकून दडपण येते, पण ज्या समाजात ऋषिपंचमीला अळू, माठ, लाल भोपळा, शिराळी, भेंडी, सुरण आणि मक्याची कणसे एका पातेल्यात शिजतात आणि भोगीला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे व तीळ एकत्र येतात, त्याला हे शिकवावे लागू नये. त्या भाज्या वर्षातून एकदाच न करता, बाजारातल्या त्या-त्या ऋतूच्या भाज्या घेऊन आठवड्यातून एकदा तशी मिसळीची भाजी करावी. मेतकूट, पंचडाळींचे वरण, थालीपीठाची भाजणी हेही वैविध्याचे तयार डबे आहेत. मसाल्याची पाने-बियाही मोजणीत धरता येतात.

मासे खाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बांगडा आणि तारली यांत ज्या प्रकारची ओमेगा-३ स्निग्धाम्ले असतात ती मेंदूला थेट वापरता येतात. जवस आणि अक्रोडातील प्रकार शरीराला बदलून घ्यावा लागतो आणि तो बदल थोडाच होतो. आठवड्यातून दोनदा बांगडा-तारलीचे कालवण किंवा तव्यावरचा मासा पुरेसा आहे. महाग सुरमईचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: आंबवलेले पदार्थ

स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका प्रयोगात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, ३६ निरोगी प्रौढांपैकी काहींना दहा आठवडे भरपूर चोथ्याचा आणि काहींना आंबवलेल्या पदार्थांचा आहार दिला गेला. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाहाचे अनेक निर्देशक कमी झाले. चोथ्याच्या गटात तेवढ्या काळात वैविध्य वाढले नाही. माझ्या मते यातून चोथा निरुपयोगी ठरत नाही. दोन्ही सोबत हवेत आणि धीर हवा, एवढेच त्यातून घ्यायचे.

येथे कोणता पदार्थ ‘जिवंत’ आहे हे ओळखता आले पाहिजे. घरी विरजण लावलेले दही आणि त्याचे ताक यांत जिवंत जिवाणू असतात. ताकाची कढी केली की ते मरतात. इडली, डोसा, आंबोळी, ढोकळा यांचे पीठ आंबते, पण वाफेवर किंवा तव्यावर जिवाणू टिकत नाहीत. तरीही आंबवण्याने धान्यातील फायटेट, म्हणजे खनिजांना अडवून धरणारे द्रव्य, कमी होते आणि लोह-जस्त अधिक शोषले जाते, म्हणून ते पदार्थ उपयोगी आहेतच. रात्रभर आंबवून मग शिजवलेली नाचणीची आंबील थंड झाल्यावर त्यात ताजे ताक घातले तर दोन्ही लाभ मिळतात. भरपूर तेल-मीठ घातलेले कैरीचे लोणचे या कामासाठी गृहीत धरू नये.

सुरुवात दुपारच्या जेवणाबरोबर अर्ध्या वाटी दह्याने किंवा ग्लासभर पातळ ताकाने करावी. ज्यांना दूध पचत नाही अशा पुष्कळ जणांना दही पचते, कारण विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेचा काही भाग आधीच वापरून टाकतात. साखर घातलेली बाजारी ‘फ्लेवर्ड’ दही टाळावीत. प्रोबायोटिक कॅप्सूलचा परिणाम तिच्यातील जिवाणूच्या विशिष्ट वाणावर अवलंबून असतो, म्हणून डॉक्टरांनी ठराविक कारणासाठी ठराविक वाण सुचवला असेल तरच घ्यावी. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

सहावी पायरी: काय मागे घ्यावे

हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. पाकिटबंद अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, गोड पेये आणि दारू कमी करावी. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांवर झालेल्या प्रयोगात, समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत साखर, मेद आणि चोथा सारखाच असूनही, अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोष केवळ इच्छाशक्तीचा नसतो, पदार्थाच्या घडणीचाही असतो. त्यामुळे ‘खाणार नाही’ असा निश्चय करण्याऐवजी चार वाजताच्या भुकेसाठी भाजलेले फुटाणे-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा फळ हाताशी ठेवावे. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्रीची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी चिंता वाढते.

चोथा वाढवल्यावर त्रासच वाढला तर

काही जणांना वरील सर्व सावकाश करूनही पोटात कळा, फुगवटा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असा त्रास होत राहतो. त्यांना इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असू शकतो. हा विकार काही वेळा पोटाच्या संसर्गानंतर मागे राहतो. कॅनडातील वॉकरटन गावात २००० साली दूषित पाण्यामुळे झालेल्या साथीनंतर अनेकांना तो वर्षानुवर्षे राहिला होता. टायफॉइड किंवा जोरदार जुलाबांनंतर आपले पोट पूर्वीसारखे राहिले नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अशा रुग्णांसाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात फॉडमॅप, म्हणजे आतड्यात चटकन आंबणाऱ्या काही शर्करा, कमी करणारी आहारपद्धती विकसित झाली. तिच्यात कांदा, लसूण, गहू, काही कडधान्ये, दूध व काही फळे दोन ते सहा आठवडे थांबवून नंतर एकेक परत आणून पाहिली जातात. ही तात्पुरती परीक्षा आहे, कायमचे पथ्य नव्हे, आणि आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावी. कारण आपल्या स्वयंपाकातून कांदा-लसूण, डाळी आणि गहू एकदम गेले तर ताट रिकामे पडते आणि जिवाणूंची उपासमार होते. त्याआधी इसबगोल पाण्यातून, कमी प्रमाणात सुरू करून पाहणे सोपे आहे. या विकारात विचार-वर्तन उपचारपद्धती आणि पोटावर केंद्रित संमोहन यांचाही उपयोग सिद्ध झालेला आहे. रुग्णाला मानसोपचार सुचवला म्हणजे त्याचे दुखणे खोटे ठरवले असे होत नाही, ही गोष्ट घरच्या मंडळींनाही समजावून सांगावी लागते.

आठ ते बारा आठवड्यांनी काय पाहावे

वही पुन्हा उघडावी आणि पहिल्या दोन आठवड्यांशी तुलना करावी. शौच, झोप आणि दुपारचा थकवा यांत फरक सहसा आधी दिसतो, मनःस्थितीतला फरक मागाहून आणि चढउतार होत येतो. पोट सुधारले पण मन तसेच आहे असे दिसल्यास आहार अधिक कडक करत जाऊ नये. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जावे आणि वही सोबत न्यावी. अनेक पदार्थ वर्ज्य करत-करत ताट आकसते, बाहेर जेवणे बंद होते, माणसांत मिसळणे कमी होते, आणि पोटासाठी सुरू केलेल्या प्रयत्नाने मनाचे नुकसान होते.

काही लक्षणे दिसल्यास आठ आठवडे थांबू नये. शौचातून रक्त जाणे किंवा शौच डांबरासारखी काळी होणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणे, सतत ताप, रक्तक्षय, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयीत झालेला बदल, किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी. तेथे तपासणी पूर्ण होईपर्यंत चालू असलेला गहू बंद करू नये, कारण सीलिॲक रोगाची, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी गहू पोटात जात असेल तरच विश्वासार्ह ठरते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची, आयुर्वेदिक चूर्णे व पूरक पावडरींसकट, यादी करून न्यावी.